मक्तेदारी गेली, कर्तव्याचे काय?

(नंदनवन, नागपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



टपाल खात्याचे खासगीकरण होणार का, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून उठतो. संघटना मोर्चा काढतात, मंत्री इन्कार करतात आणि विषय तिथेच मिटतो. आज मी त्या मोर्चाच्या बाजूने बोलणार नाही आणि इन्काराच्या बाजूनेही नाही. टपाल विकले जाणार की नाही, यावर आपण इतके भांडलो की दुसरा, जास्त अडचणीचा प्रश्न विचारायचाच राहिला. एखाद्या माणसाचे पत्र त्याच्या दारापर्यंत नेणे या देशात कायद्याने कोणाला बंधनकारक आहे? आणि ते पोहोचले नाही तर जाब कोणाला विचारायचा?

हा प्रश्न आत्ताच विचारायला कारण आहे. १८९८चा भारतीय टपाल कार्यालय अधिनियम सव्वाशे वर्षे चालला आणि १८ जून २०२४ रोजी इतिहासजमा झाला. त्याच्या जागी टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ आला. १० ऑगस्ट २०२३ रोजी हे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. ४ डिसेंबरला राज्यसभेने आणि १८ डिसेंबरला लोकसभेने ते मंजूर केले, २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. नंदनवनात काय, दिल्लीत काय, याची चर्चा फारशी झाली नाही. जुना, गंजलेला कायदा गेला, एवढीच भावना होती.

जुन्या कायद्यात काय होते

पत्रांच्या वाहतुकीवर सरकारची मक्तेदारी इंग्रजांच्या आधीपासून नव्हती. कंपनी सरकारने १८३७च्या कायद्याने ती घेतली. १८५४ साली अंतर कितीही असो, वजनावर एकच दर आणि तिकीट, ही पद्धत आली. १८९८च्या कायद्याच्या चौथ्या कलमाने मक्तेदारी पक्की केली. पत्रे वाहून नेण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा, बाकी कोणी पैसे घेऊन पत्र नेले तर प्रत्येक पत्रामागे पन्नास रुपयांपर्यंत दंड. अपवाद मोजके. गावी निघालेल्या मित्राने मोबदला न घेता नेलेली चिठ्ठी चालेल, खास माणूस धाडून पाठवलेले पत्र चालेल, मालासोबत जाणारा त्या मालाविषयीचा कागद चालेल.

आता इतवारीतल्या किंवा गांधीबागेतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, हे कलम कधी आडवे आले का? कुरिअरवाले ऐंशीच्या दशकापासून आपल्या गल्लीत आहेत. पावतीवर ‘पत्र’ असे लिहायचे नाही, ‘डॉक्युमेंट’ लिहायचे, एवढे पथ्य पाळले की काम भागत होते. कायदा मोडला जात होता हे खात्याला ठाऊक होते, कुरिअरवाल्याला ठाऊक होते आणि पाठवणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. ज्या मक्तेदारीचे रक्षण करायला सरकारच तयार नाही, ती कागदावर ठेवून उपयोग नव्हता. ती काढली याबद्दल माझी तक्रार नाही.

पण मक्तेदारीला एक दुसरी बाजू होती. शहरातल्या दाट वस्तीत पत्र वाटणे स्वस्त पडते, डोंगरातल्या पाड्यावर तेच महाग पडते. दर मात्र सगळीकडे सारखा. शहरातले जास्तीचे पैसे खेड्यातली तूट भरून काढतात, हे त्या व्यवस्थेचे न बोललेले गणित होते. आज पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळते. खात्याच्याच काही वर्षांपूर्वीच्या हिशेबात एका पोस्टकार्डामागचा खर्च बारा रुपयांच्या आसपास निघत होता. किफायतशीर शहरी धंदा कुरिअरकडे गेला आणि पाड्यावरची वाट टपालाकडे राहिली. खासगीकरणाचा हा प्रकार एक शेअरही न विकता घडला.

नवा कायदा काय म्हणतो, काय म्हणत नाही

२०२३चा कायदा छोटा आहे. पत्रे नेण्याचा अनन्य अधिकार त्यात नाही. अनन्य अधिकार उरला आहे तो टपाल तिकिटे काढण्याचा. टपाल कार्यालय कोणत्या सेवा देईल, हे केंद्र सरकार नियमांनी ठरवील. दर आणि इतर तपशील महासंचालक विनियमांनी ठरवतील. पत्ते कसे लिहावेत, पिनकोड कसे वापरावेत, याची मानके ठरवण्याचा अधिकारही सरकारकडे आहे. दहाव्या कलमात म्हटले आहे की टपाल हरवले, चुकीच्या दारी गेले, उशिरा गेले किंवा खराब झाले तर टपाल कार्यालयावर जबाबदारी नाही. नियमांनी जेवढी पत्करली असेल तेवढीच.

नसलेल्या गोष्टींची यादी याहून बोलकी आहे. देशातल्या प्रत्येक पत्त्यावर परवडणाऱ्या एकसमान दराने टपाल पोहोचवलेच पाहिजे, असे वाक्य कायद्यात नाही. किती दिवसांत पोहोचावे, याचे मानक नाही. कुरिअर कंपन्यांची नोंदणी नाही. स्वतंत्र नियामक नाही. जुन्या कायद्यात टपाल चोरणाऱ्या, बेकायदा उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होती; नव्या कायद्यात गुन्ह्यांचे प्रकरणच उरले नाही. ते आता सर्वसाधारण फौजदारी कायद्यावर सोपवले आहे.

म्हणजे स्थिती अशी आहे. नंदनवनातून पाठवलेले कुरिअर हरवले, तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही कंपनीला आयोगापुढे खेचू शकता. तेच पाकीट टपालाने हरवले, तर दहावे कलम आडवे येते. स्पीड पोस्ट हरवले तर शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. उलट बाजूही पाहा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. त्या तालुक्यातल्या गावासाठी कुरिअरवाला ‘सर्व्हिस नाही’ म्हणून पाकीट परत देऊ शकतो आणि त्यात काही बेकायदा नाही. टपाल खाते ते पाकीट घेते. पण घेते ते परंपरेने, धोरणाने आणि जागतिक टपाल संघटनेच्या करारातल्या बांधिलकीने. संसदेने केलेल्या कायद्यातले कर्तव्य म्हणून नव्हे.

परंपरा चांगली आहे हो, पण तिच्यावर दावा ठोकता येत नाही.

नागपूरचा अनुभव

सरकारी की खासगी, या वादात अडकू नये असे मी म्हणतो, त्याला आपल्या शहराचाच दाखला आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही विमान बदलत, आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या शहरी परतलेली असत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरणही आले.

या विमानांचा मालक कोण होता? सुरुवातीला खासगी कंपन्या. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर हे काम इंडियन एअरलाइन्सकडे आले आणि सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. पत्र टाकणाऱ्याला या बदलाने काही फरक पडला नाही. वेळ, दर आणि थैली पोहोचवण्याची जबाबदारी विमानमालकाने ठरवलेली नव्हती, ती ठरवणारे सरकार होते. वाहन खासगी, कर्तव्य सार्वजनिक, असे काम नागपूरच्या धावपट्टीवर रोज रात्री होत होते.

दुसरा दाखला खेड्यातला. देशात सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतली जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण भागात. १९४७ साली ती तेवीस हजारांच्या वर होती. ही वाढ कोणाच्या खांद्यावर झाली? ग्रामीण डाकसेवकांच्या. आपल्यापैकी अनेकांना वाटते, गावातले पोस्ट म्हणजे सरकारी इमारत, सरकारी नोकर. प्रत्यक्षात ब्रँच पोस्टमास्तरला कार्यालयाची जागा स्वतः द्यावी लागते. बहुधा ती त्याच्या घरातली पुढची खोली असते. एक टेबल, तारखेचा शिक्का, कॅनव्हासची थैली, बचत खात्यांची पुस्तके आणि आता हातात मावणारे एक यंत्र. भिंतीपलीकडे घरातला संसार. त्याचे काम चार-पाच तासांचे धरले जाते आणि उपजीविकेचे दुसरे साधन असणे ही नेमणुकीची जुनी अट. डाकसेवकांविषयीच्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर २०१८ साली ठरलेल्या दरांप्रमाणे चार तासांच्या ब्रँच पोस्टमास्तरचा मूळ मोबदला महिना १२ हजार रुपयांपासून सुरू होतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात सांगितले की ही नागरी पदे आहेत, या माणसांना घटनेचे संरक्षण आहे. तरी नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना मिळालेला नाही.

तेव्हा टपाल पूर्ण सरकारी आहे, असे छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत एकदा जाऊन यावे. शिक्का सरकारचा आहे, खोली त्याच्या बापाची आहे. शेवटच्या टप्प्याचा खर्च सरकारने कधीच या माणसाच्या माथी मारला. खासगी कंपनीने हेच केले असते तर आपण त्याला पिळवणूक म्हटले असते. आता अर्थमंत्र्यांनी २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर केले आहे की टपाल खाते मोठी सार्वजनिक लॉजिस्टिक संस्था होणार. दीड लाख ग्रामीण कार्यालये आणि सुमारे २ लाख ४० हजार डाकसेवक हा तिचा पाया. चांगले आहे. पण त्या पायाचे कर्तव्य आणि त्याचा मोबदला, दोन्ही कायद्यात लिहा, एवढेच माझे म्हणणे.

दोन देश, दोन कायदे

परदेशांचे दाखले देताना आपण ब्रिटनकडे बोट दाखवतो, की पाहा, त्यांनी रॉयल मेल विकून टाकले. विकले हे खरे. पण आधी २०११चा टपाल सेवा कायदा केला आणि मग ऑक्टोबर २०१३ मध्ये शेअर बाजारात आणले. त्या कायद्यात सार्वत्रिक सेवा हे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. देशभर एकच दर, आठवड्याचे सहा दिवस पत्रवाटप. देखरेखीला ऑफकॉम हा नियामक. परिणाम गोड झाला असे मी म्हणणार नाही. पहिल्या दर्जाचे तिकीट २०१३ साली ६० पेन्सला होते, ते एप्रिल २०२५ मध्ये १ पौंड ७० पेन्स झाले. जुलै २०२५ पासून दुसऱ्या दर्जाची पत्रे एक दिवसाआड वाटण्याची मुभा ऑफकॉमनेच दिली. कंपनी चेक उद्योगपतीच्या समूहाकडे गेली. पण त्याच ऑफकॉमने ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉयल मेलला २ कोटी १० लाख पौंडांचा दंड ठोठावला. पहिल्या दर्जाची ९३ टक्के पत्रे दुसऱ्या दिवशी पोहोचवायची होती, वर्षभरात पोहोचली सुमारे ७७ टक्के. आपल्याकडे असा आकडा मोजून खात्याला दंड करणारा कोणी आहे का? सेवा देणारे खाते तेच, नियम लिहिणारे तेच आणि तक्रार ऐकणारेही तेच.

डेन्मार्कची वाट निराळी. तिथली टपालसेवा १६२४ पासूनची. पत्रांची संख्या २०००पासून नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. जानेवारी २०२४ पासून नव्या कायद्याने सार्वत्रिक सेवेचे बंधनच काढले आणि २०२५च्या अखेरीस सरकारी मालकीच्या पोस्टनॉर्डने आपले तिथले पत्रवाटप थांबवले. रस्त्यांवरच्या लाल पेट्या उचलल्या गेल्या. इथे लक्षात घ्या, ब्रिटनमध्ये मालक खासगी होता आणि पत्रवाटप टिकले. डेन्मार्कमध्ये मालक सरकार होते आणि त्याचे पत्रवाटप थांबले. निर्णय केला तो कायद्यातल्या एका कलमाने.

डेन्मार्कच्या नागरिकाला पोस्टनॉर्डचे पत्रवाटप कधी आणि का थांबणार हे आधी कळले, कारण बंधन कायद्यात होते आणि ते काढायला कायदाच बदलावा लागला. आपल्याकडे २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. जिच्यावर न्यायालयाच्या नोटिसा, घरमालकाचे आणि भाडेकरूचे वाद, शेतीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालले, ती सेवा. नोंदणीची सोय स्पीड पोस्टवर जोडून मिळते, त्यामुळे काम अडत नाही, हे मान्य. पण एवढा बदल खात्याच्या आदेशाने झाला. संसदेत त्यावर कोणाला उभे राहावे लागले नाही.

पाकीट उघडण्याचा अधिकार

टपालाच्या कायद्याला आणखी एक अंग आहे आणि ते महाराष्ट्राला तरी अपरिचित नसावे. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम अधिक कडक झाले, त्याच वर्षी टपालाचा कायदाही आला. त्याच्या सव्विसाव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी टपाल अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९८६ साली संसदेने हा अधिकार वाढवणारे दुरुस्ती विधेयक मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. पुढे ते मागे घेतले गेले.

२०२३च्या कायद्याचे नववे कलम राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता आणि कोणत्याही कायद्याचा भंग, इतक्या कारणांसाठी टपाल अडवू देते. १९९६ साली फोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की असा अधिकार वापरायचा तर कार्यपद्धतीची बंधने हवीत. २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तरीही ती बंधने या कायद्याच्या मजकुरात नाहीत.

काय हवे

मग मागायचे काय? दूरसंचाराकडे पाहा. फोनची मक्तेदारी सरकारने सोडली, पण १९९७ साली ट्राय हा नियामक कायद्याने आला आणि २००३ साली सार्वत्रिक सेवा निधीला कायद्याचा आधार मिळाला. खासगी कंपन्यांच्या उत्पन्नातला वाटा त्यात येतो आणि खेड्यातल्या सेवेसाठी वापरायचा असतो. टपाल विधेयक मंजूर झाले त्याच आठवड्यात दूरसंचार विधेयकही मंजूर झाले आणि त्यात हा निधी ‘डिजिटल भारत निधी’ या नावाने कायम राहिला. एकाच अधिवेशनात एका सेवेला निधी आणि नियामक, आणि दुसरीला दोन्ही नाही. कुरिअर कंपन्यांची नोंदणी आणि त्यांच्याकडून सार्वत्रिक सेवेसाठी वर्गणी, असा मसुदा टपालासाठीही २००६ साली तयार झाला होता. तो पुढे सरकला नाही.

माझ्या मते दुरुस्ती तीन कलमांची आहे. पहिले, प्रत्येक पत्त्यावर ठरावीक वारंवारतेने आणि परवडणाऱ्या एकसमान दराने टपाल पोहोचवणे हे कर्तव्य आणि त्याच्या खर्चासाठी निधी. दुसरे, टपाल आणि कुरिअर दोघांच्याही तक्रारी ऐकणारा, वेळेचे आकडे जाहीर करणारा, खात्याबाहेरचा नियामक. तिसरे, टपाल अडवण्याच्या प्रत्येक आदेशाला लेखी कारण, मुदत आणि फेरतपासणी.

यावर आक्षेप आहेत आणि ते फुकाचे नाहीत. पत्रेच घटत असताना बंधने कशाला? पण खेड्यात आज जे येते ते एटीएम कार्ड, आधार, परीक्षेचे प्रवेशपत्र, औषध आणि न्यायालयाची नोटीस आहे. खुशालीची पत्रे घटली, पोहोचलेच पाहिजेत असे कागद घटले नाहीत. दुसरा आक्षेप, निधी जमतो आणि पडून राहतो. दूरसंचार निधीबाबत ही टीका वर्षानुवर्षे झाली आणि ती रास्त होती. म्हणून खर्चाचा वार्षिक हिशेब कलमातच मागितला पाहिजे. तिसरा, कायदा लवचीक हवा, बारीकसारीक गोष्टी त्यात कोंबू नयेत. हे मला पटते. दर, वेळा, पाकिटाचे आकार खुशाल नियमांत जाऊ द्या. कर्तव्य मात्र नियमांत ठेवू नये.

पत्त्याचाच विचार करा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतचे लेखक. त्यांच्या रचनेत ४४० म्हणजे नागपूर शहर, ४४२ म्हणजे वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली. आपल्या लेआउटमधला ‘प्लॉट नंबर अमुक, अमक्या कॉलेजच्या मागे, नंदनवन, ४४०००९’ आणि भामरागडच्या पाड्यावरचा पत्ता, दोघांना सहाच आकडे. २०२५ साली डिजिपिन आले. चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत. आता जंगलातल्या झोपडीचाही अचूक पत्ता सांगता येईल. पत्ता देणे सोपे झाले आहे, त्या पत्त्यावर जाण्याची सक्ती कोणावर, हे लिहायचे राहिले आहे.

नियम बदलायला राजपत्रातली एक अधिसूचना पुरते. नियम संसदेपुढे ठेवले जातात हे खरे, पण ते अंमलात आल्यावर आणि बहुधा चर्चेविना. कायदा बदलायचा तर मंत्र्याला सभागृहात उभे राहून सांगावे लागते की या सेवेची आता गरज नाही आणि का नाही. उद्याचे सरकार टपाल ठेवो, कंपनीत बदलो किंवा विको. भामरागडची फेरी बंद करण्यापूर्वी त्याला हे कारण सर्वांसमोर सांगावे लागले पाहिजे. आपल्या खासदारांकडे मागायचे ते एवढेच, आणि त्यासाठी टपालाच्या बाजूने किंवा खासगीकरणाच्या विरोधात असण्याचीही गरज नाही.